राक्षसाच्या अंगाचा रंग

बाबा, भिंतीवरचा राक्षस तुमच्यासारखा दिसतो असं मी म्हणाले, तेव्हा तुम्ही रागावलात की तुम्हाला लागलं? इतकी वर्षं झाली, पण मला अजून सांगता येत नाही.

मी आठ वर्षांची असेन. सुट्ट्यांत तुम्ही मला कामावर न्यायचात. माधवगंजातल्या एका शाळेच्या भिंतीवर तुम्ही स्वच्छतेचं चित्र रंगवत होतात. हात धुणारी मुलं आणि त्यांना घाबरून पळणारा घाणीचा राक्षस. मुलांसाठी तुम्ही पांढऱ्यात थोडा लाल, थोडा पिवळा मिसळून वेगळा डबा करायचात आणि त्या रंगाला नुसतं ‘अंग’ म्हणायचात. राक्षसासाठी वेगळा डबा नसायचा. दिवसभराचे उरलेसुरले रंग एकत्र ओतले की जो काळपट तपकिरी व्हायचा, तो त्याचा. “राक्षस आहे बेटा, त्याला काहीही चालतं,” तुम्ही हसत म्हणालात. मी तुमच्या हाताकडे बघते, भिंतीकडे बघते आणि म्हणते, “बाबा, हा तर तुमच्याच रंगाचा झाला.” तुमचं हसू थांबतं. “गुपचूप ब्रश धू.” मग चहा येतो, तुम्ही अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवता आणि पुन्हा भिंतीकडे वळता.

आता मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून आई नया बाजारात ओळखीच्या माणसांना थांबवून थांबवून सांगते. आमच्या हिंदी शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला मूल्यशिक्षणाची ॲनिमेशन फिल्म दाखवायची असते. मागच्या महिन्यात विहिरीचं पाणी चोरणाऱ्या माणसाची फिल्म होती. चोर काळा, जाड ओठांचा, आपल्या इकडच्या खेड्यांतल्या बोलीत बोलणारा. त्याला पकडणारा मुलगा गोरापान, त्याची हिंदी बातम्या सांगणाऱ्यांसारखी. मुलं पोट धरून हसली. सोमवारी त्या चोराचं नाव माझ्या वर्गातल्या एका सावळ्या मुलीला चिकटलं होतं. गुरुवारी ती गालांवर पावडर थापून आली. कानांपाशी पांढरी रेघ तशीच राहिली होती. “मैम, अब ठीक है ना?” तिने मला विचारलं.

पुढच्या शनिवारी मी तीच फिल्म आवाज बंद करून लावली आणि चोर पहिल्यांदा दिसतो तिथे थांबवली. “इनमें बुरा कौन है?” सगळी बोटं एकीकडे.

“इसने अभी तक किया क्या है?”

“कुछ नहीं, मैम.”

“फिर?”

“शक्ल से ही चोर लगता है, मैम!” वर्ग हसला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “पर मैम, वो बोलता तो मेरे नाना जैसा है.” तेव्हा कोणी हसलं नाही.

ही गोष्ट मुख्याध्यापिकांपर्यंत गेली. “फ़िल्म में मीनमेख क्यों निकाल रही हो? बच्चों को मज़ा आता है.”

“एक को नहीं आता, मैडम.”

“तुम्हारी नौकरी अभी पक्की नहीं हुई, याद है ना?”

बाबा, मला आधी फिल्म करणाऱ्यांचा राग आला. मग वाटलं, तेही तुमच्यासारखेच कामाला बसले असतील. चोर कसा दिसतो हे आधीच ठरलेलं, वेगळा विचार करायची गरजच नाही. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. भीती त्याचीच वाटते. मनात काही वाईट नसताना आपण एखाद्या पोरीला पावडर थापायला लावू शकतो. हे तुम्हाला लिहिणं सोपं नाही, कारण त्या भिंतींच्याच जोरावर मी शिकले.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. ती फिल्म पहिल्यांदा लागली तेव्हा मुलांबरोबर मीही हसले होते, आणि ती सावळी मुलगी तेव्हा पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. आज सकाळी मी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर लेखी ठेवलं, की अशा फिल्मवर मुलांशी बोलू देणार नसाल, तर मी ती दाखवणार नाही. मग वर्गात गेले, हजेरी घ्यायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी मीही हसले होते, आणि तिची माफी मागितली.