आधी लांब बीप, मग दोन छोट्या

नेहरू नगर, भोपाळ
२३ जानेवारी २०२५

ती. जयंतदादास,

योगिनीचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, तुम्हीही नागपुरात सगळे बरे असाल. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण सकाळचं फिरणं त्यांनी सोडलेलं नाही. परवा चालत थेट शिवाजी नगरपर्यंत गेले, आपलं जुनं क्वार्टर बघून आले आणि दोन दिवस पाय शेकत बसले. विचारलं तर म्हणतात, "जांभळाचं झाड आहे अजून."

हाताने पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. मेल उघडला की मी आपोआप कोडच्या दुरुस्तीचा पॅच पाठवल्यासारखं लिहायला लागते. आणि मेलवर आपलं शेवटचं बोलणं काय झालं, ते तुला माहीत आहे. ते असो.

मला तुला एक शोध सांगायचा आहे. दुसऱ्या कुणाला सांगून त्यातली मजा कळणार नाही.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या एमुलेटरच्या प्रकल्पावर एक तक्रार आली. नेहमीसारखीच: नवी आवृत्ती घातल्यापासून जुनं मशीन सुरू होत नाही. खाली नाव विक्रांत, गाव भोपाळ! मी दोनदा वाचलं. इतकी वर्षं जर्मनी, ब्राझील, कोरियातल्या लोकांना उत्तरं दिली, आणि हा माणूस टी. टी. नगरात, माझ्या घरापासून स्कूटीने पंधरा मिनिटांवर. उत्तर लिहीत बसण्यापेक्षा मी उठून गेलेच.

ती एक ब्रेल प्रेस आहे. दोन खोल्या, भिंतीला लावून जाड कागदाचे गठ्ठे, आणि ठिपके उठवणारं यंत्र चालू असलं की खिडकीच्या काचा थरथरतात. त्या दिवशी मात्र ते गप्प होतं. विक्रांत तिथला व्यवस्थापक, तिशीतला, घाबरलेला. देवनागरीचं ब्रेल करणारा त्यांचा प्रोग्राम पंचवीस वर्षं जुना आहे. तो बनवणारी कंपनी राहिली नाही, तो चालायचा तो कॉम्प्युटरही गेला, म्हणून आता तो आपल्या एमुलेटरमध्ये चालवतात. डिसेंबरअखेर कुणीतरी सगळं अपडेट केलं. तेव्हापासून प्रोग्राम एवढंच दाखवतो: 'चावी सापडत नाही.' दृष्टिहीन मुलांच्या दहावीच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका अडकल्या होत्या. परीक्षेला सहा आठवडे होते.

तिथे प्रूफं वाचायला शशिकलाताई आहेत. पन्नाशीच्या, मूळच्या इंदूरच्या, जन्मापासून दिसत नाही. बोटं कागदावर आणि कान सगळ्या खोलीभर. मी आल्याआल्या त्यांनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय सांभाळता? विक्रांत सांगतो, पण माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

मी म्हटलं, "आमचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करतो. तो जुना कॉम्प्युटर जागा होताना विचारतो, माझ्याकडे मेमरी किती, डिस्क कुठली, कार्डं कुठली. आम्ही त्याच्या हातात एक यादी ठेवतो. त्या यादीचा कोड माझ्याकडे आहे."

"अच्छा. म्हणजे सकाळी उठल्यावर त्याला कोणीतरी सांगावं लागतं की तू कोण आहेस."

"बस, तेवढंच."

"मग तुम्ही हल्ली त्याला उलटं सांगताय," त्या म्हणाल्या. "पूर्वी सुरू होताना आधी एक लांब बीप यायची, मग दोन छोट्या. आता दोन छोट्या आधी येतात, मग लांब. मी विक्रांतला पहिल्याच दिवशी बोलले. हा म्हणाला, ताई, आवाजाने काय फरक पडतो!"

विक्रांत खाली मान घालून हसला. दादा, मी मात्र खुर्चीवरून उठलेच. तक्रारीत आठ पडद्यांची चित्रं जोडली होती, त्यातल्या एकातही हे नव्हतं. लांब बीप ब्रेलच्या कार्डाची, दोन छोट्या डिस्कच्या कार्डाच्या. दोन्ही कार्डांवर आपापला छोटा प्रोग्राम आहे. आधी जो उठेल तो मेमरीतली मोक्याची जागा धरतो. डिस्कचं कार्ड आधी उठलं की ब्रेलच्या कार्डाला त्याची जागा मिळत नाही, आणि ती चावी त्याच कार्डात आहे.

क्रम कधी उलटला, ते शोधायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी घरून वेगवेगळ्या तारखांच्या आवृत्त्या तयार करून नेल्या. चार वर्षांपूर्वीची चालत होती, आजची चालत नव्हती. मग मधली घ्यायची, तिच्या मधली, पुन्हा तिच्या मधली. मी मशीन सुरू करायची आणि शशिकलाताई डोकं जरा तिरकं करून ऐकायच्या. "जुना." "नवा." "नवा." "जुना." मी पडद्याकडे बघणंच सोडून दिलं. दुपारचा डबाही आम्ही तिथेच खाल्ला, त्यांच्या मेथीच्या पराठ्यांबरोबर माझी कोरडी भाजी. काय सांगू, इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती. त्यांनाही. चार वाजता त्यांनी विचारलं, "संपत आलं का? मला तर अजून ऐकायचं होतं."

तेराव्या फेरीला एकच बदल उरला. तारीख ९ मार्च २०२२. चाळीस ओळी काढलेल्या. काढणारीचं नाव योगिनी.

तो कुठला बदल, हे मी तुला सांगायला नको.

"सापडलं?" शशिकलाताईंनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग गप्प का?"

मी विचारलं की हे सगळं इथे पहिल्यांदा लावून कुणी दिलं. विक्रांतला माहीत नव्हतं, तो दोन वर्षांपूर्वीच आलाय. ताईच म्हणाल्या, "जयंतसर होते ना. आता नागपूरला गेले. सहा-सात रविवार येऊन बसले होते. कार्डातला प्रोग्राम त्यांनीच उतरवून घेतला. कंपनी बंद पडलेली, परवानगी मागायची कोणाकडे? म्हणून आम्हीच त्यांना शपथ घातली होती, सर, ये बात बाहर नहीं जानी चाहिए."

तू माझा भाऊ आहेस, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुरुस्ती केली आहे. तू लिहिलेला कार्डांच्या क्रमाचा तक्ता परत आणला, जुन्या मशीनांपुरता. काल प्रेसचं यंत्र सुरू झालं. शशिकलाताईंनी पहिल्या कागदावरून बोटं फिरवली आणि दुसऱ्याच ओळीत छापणाऱ्याची चूक काढली. मुलांना प्रश्नपत्रिका वेळेवर मिळतील.

प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर पॅच पाठवताना मी वर लिहिलं आहे: 'हा क्रम मी २०२२ मध्ये काढला. तो काढायला नको होता. जयंतने तेव्हा दिलेलं कारण बरोबर होतं.' तेव्हा तुझ्याविरुद्ध सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिलं.

बाबा आत्ता विचारतायत, कुणाला लिहितेस. सांगितलं नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी,
योगिनी


नेहरू नगर, भोपाळ
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

पत्राचं उत्तर आलं नाही, पण पॅचवर आलं. 'नेटवर्क कार्डाची ओळ राहिली आहे. ती डिस्कच्या आधी हवी.' एवढंच, ना वर नाव, ना खाली. मी ती ओळ घातली, तपासून बघितलं, आणि खरंच, तिच्याशिवाय दुसऱ्या एका जुन्या मशीनची तीच गत झाली असती. तीन वर्षं झाली तरी तुला तो तक्ता पाठ आहे! पॅच सोमवारी मुख्य कोडमध्ये गेला. प्रश्नपत्रिका गेल्या आठवड्यात छापून झाल्या. विक्रांतने गठ्ठे स्वतः पोचवले, होशंगाबाद आणि सागरपर्यंत.

खरं तर इथेच पत्र संपायला हवं. पण पहिल्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. पोस्टात टाकल्यापासून ती मला स्वस्थ बसू देत नाही.

तू त्या वेळी लिस्टवर लिहिलं होतंस, 'हा क्रम काढू नकोस, एक जुनं मशीन याच्यावर चालतं, पण ते मला इथे दाखवता येणार नाही.' मी उत्तर दिलं, 'जे दाखवता येत नाही, ते या कोडमध्ये राहू शकत नाही.' लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी तू स्वतःचं नाव कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढणारा पॅच पाठवलास, आणि मी तो अकरा मिनिटांत मंजूर केला. अकरा, दादा. मी नंतर मोजलीत. त्यातली दहा मी चहा करत होते.

आता ऐक. तू म्हणतोस ते मशीन खोटं असेल, असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. तू असं काही रचून सांगणारा नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा तू भोपाळातच होतास. मला फक्त फोन करायचा होता: दादा, कुठलं मशीन? तू मला घरी सांगितलं असतंस. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू बरोबर ठरला असतास.

त्या प्रकल्पात मला सगळे तुझी बहीण म्हणून ओळखायचे. माझ्या प्रत्येक पॅचवर कुणी ना कुणी विचारायचं, जयंतने बघितलंय का? तुझा दोष काहीच नव्हता. तू तर प्रत्येक वेळी लिहायचास, 'तिला विचारा, तिला जास्त कळतं.' पण मला एकदा तरी तुला सगळ्यांच्या देखत चुकीचं ठरवायचं होतं. ते चाळीस ओळींनी जमलं. मग तू नागपूरला बदली मागून घेतलीस आणि बाबांना सांगितलंस, वहिनींचं माहेर जवळ पडतं. बाबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला विचारलं होतं, तुमचं काही झालं का? मी म्हटलं, काही नाही. आजवर तेच सांगत आले.

परवा त्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "त्याला लिहिलंस का हे?" मी म्हटलं, अर्धं लिहिलं. "मग अर्धं का ठेवलंस?"

शशिकलाताईंनाही कळलंय. मीच सांगितलं. त्यांनी माझा हात शोधून धरला आणि एवढंच विचारलं, "सर येतील का कधी?"

लिस्टवरच्या चुकीची माफी मी लिस्टवर मागितली. या दुसऱ्या चुकीशी तिथल्या कुणाचा संबंध नाही, ती फक्त तुझ्या-माझ्यातली आहे, म्हणून तिची माफी इथे मागते. तू बरोबर आहेस हे माहीत असताना मी तुला खोटं पाडलं. माफ कर असं म्हणायची माझी हिंमत होत नाही, तरी म्हणते.

घाई करू नकोस. रागवायचं असेल तर रागव, मी वाचेन. पण या वेळी लिस्टवर लिहू नकोस दादा. घरच्या पत्त्यावर लिही.

तुझीच,
योगिनी