मधला क्यूबिट

रविवार, १७ ऑगस्ट २०२५. पिरनवाडी

आप्पा बीपीच्या गोळ्या घेत नाहीत. आई गेली त्या दिवसापासूनची पट्टी आज पाहिली. एकही गोळी फोडलेली नाही.

काल आईचं पुण्यानुमोदन झालं. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, पाहुणे गेले. मावशी तेवढी राहिली आहे — मालुबाई, आईची धाकटी बहीण, बोरगावची. तिला म्हटलं, तू सांग आप्पांना.

"मी का? तू पोरगी हाईस न्हवं? तोंड हाय न्हवं तुला?"

तोंड आहे. सवय नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

आप्पांचं-माझं भांडण नाही. बोलणंच नव्हतं.

ते तीस वर्षं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत होते, ओतलेला माल साच्यातून ठोकून काढायच्या कामावर. त्या आवाजानं कान गेले. फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून फोन आईकडे. मी बंगळूरच्या प्रयोगशाळेत गेल्यापासून दर रविवारी तिचा फोन. "आप्पा इचारत्यात, तुझं मशीन झालं का चालू?" "आप्पा इचारत्यात, जेवणाचं कसं करतीस?" मी उत्तर द्यायची, ती पोचवायची. घरी आले तरी तेच. एका खोलीत बसून आप्पा आईला — "तिला म्हणावं, बस चुकंल."

व्यवस्था चालत होती. चालत्या व्यवस्थेत कुणी हात घालत नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

डॉक्टरांकडे नेलं. १८६/१०४. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, कारण आप्पांना ऐकू येत नव्हतं : गोळ्या अशाच बंद राहिल्या तर लकवा मारेल, किंवा त्याहून वाईट. कधीही.

घरी येऊन गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी गोळीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. चपला घालून बाहेर गेले.

चहाबरोबर पुन्हा ठेवली. तशीच.

गुरुवार, २१ ऑगस्ट

उद्यमबागेतल्या कारखानदारांच्या मंडळाचा निरोप — रविवारी भाषण द्या. विषय त्यांनीच ठरवलाय : 'क्वांटम संगणक आणि इंजिनिअरांचं भविष्य'. मी नाही म्हणणार होते. मावशी म्हणाली, जा, घरात बसून भिंतीला डोळं लावशील.

ती आप्पांच्या कानाशी ओरडली : "समता भाषण करणार हाय! तिच्या मशीनवर!"

आप्पा म्हणाले, "कसलं मशीन? ती हापिसात हाय न्हवं?"

दर रविवारी मशीनची चौकशी करणारा माणूस. मावशी म्हणते दुःखात डोकं जाग्यावर नसतं. असेल.

रविवार, २४ ऑगस्ट

भाषण झालं. वर्कशॉपच्या माडीवर, चाळीसेक माणसं, निम्म्यांच्या हाताला ग्रीस.

थंडीपासून सुरुवात केली. आमची चिप एका उंच फ्रीजच्या तळाशी असते, अंतराळाहून गार. कारण क्यूबिट फार नाजूक. साधा बिट शून्य असतो किंवा एक. क्यूबिट दोन्हीचं मिश्रण धरून राहतो. बरेच क्यूबिट एकमेकांत गुंतवले आणि गणित नीट मांडलं, तर चुकीची उत्तरं एकमेकांना खोडत जातात आणि बरोबर उत्तर वर येतं. पण मध्येच वाचायला गेलात की मिश्रण मोडतं, शून्य किंवा एक एवढंच हातात उरतं. उष्णता, कंपन, भटकी लहर — कशानंही तो बिघडतो.

"आणि करंट गेला तर वो?" मागून कुणीतरी.

"तर पुन्हा गार व्हायला दोन दिवस."

"मग उद्यमबागेत नको आणू बाई!" हशा.

पुढे बसलेले आण्णाप्पा — ओतकामाचे साचे ज्यावरून पाडतात त्या लाकडी पॅटर्नचं त्यांचं दुकान आहे — त्यांनी नेमकं विचारलं. "बघितलं की मोडतंय म्हंता. मग बिघडलंय हे कळतंय कसं?"

चांगला प्रश्न. मी फळ्यावर काढून दाखवलं. क्यूबिटांच्या मधे आणखी क्यूबिट ठेवतो. मधल्याला एवढंच विचारायचं : तुझे शेजारी एकसारखे आहेत की वेगळे? ते काय आहेत, हे विचारायचं नाही. अशा सगळ्या उत्तरांवरून चूक कुठे झाली ते काढता येतं, आणि शेजाऱ्यांना धक्का लागत नाही. माझं काम तेच — मधल्यांचं वाचन.

आण्णाप्पा म्हणाले, "म्हंजे आमच्या घरातल्यावानी. बाप पोराला इचारत न्हाय, पोरगं बापाला न्हाय. समदं आईला इचारायचं." सगळे हसले. मग ते म्हणाले, "आणि ती आईच बिघडली तर वो, मॅडम?"

पुढचं चित्र लावायला मला वेळ लागला.

मधलेही चुकतात, असं उत्तर दिलं. म्हणून एका फेरीवर विश्वास ठेवत नाही. सेकंदाला लाखो वेळा विचारतो, आधीच्या उत्तराशी ताडून बघतो.

नंतर सगळे कामाचे प्रश्न. ह्यानं कास्टिंगमधली पोकळी आधी कळेल का? नाही, त्यासाठी तुमचा साधा संगणक पुरे. ह्याचा उपयोग खाली, इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर : नवा मिश्रधातू, बॅटरीचं रसायन, खताचा कारखाना कमी उष्णतेत चालवणारा उत्प्रेरक. रेणू जरा मोठा झाला की तिथं साधे संगणक दमतात. कधी होईल? ठाऊक नाही. जो ठाम साल सांगेल तो काहीतरी विकायला आलाय असं समजा. मग आमच्या पोरांनी काय शिकायचं? निर्वात पोकळी, थंडी, सूक्ष्म लहरींच्या तारा, चुका धरणारं सॉफ्टवेअर. आणि त्या फ्रीजमधल्या तांब्याच्या चकत्या कुणीतरी कातायच्याच असतात, केसाइतकीही चूक न करता.

ह्या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. बाकीच्याला नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

प्रयोगशाळेत सकाळी पहिलं काम : प्रत्येक मधल्या क्यूबिटचा चुकण्याचा दर काढणे. मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवशीचं बाकी सगळं थांबतं. त्यात मी कधी सूट दिलेली नाही.

मावशी आज भांडी घासताना सांगत होती. आक्का, म्हणजे आई, जूनपास्नं चार पायऱ्या चढली की बसायची. छाती धरायची. विचारलं तर "ॲसिडिटी". मला फोनवर "बरं हाय". आप्पांनाही "बरं हाय".

आप्पांची खबर मला आईकडून. माझी त्यांना तिच्याकडून. तिची कुणाकडून?

उपमा-रूपकं मला आवडत नाहीत. आण्णाप्पांनी हसत हसत टाकलेली ही मात्र डोक्यातून जात नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

आप्पांना सकाळी उठताना चक्कर आली. खाटेची कड धरली म्हणून पडले नाहीत. गोळी पुढे केली. मान हलवली — नको.

गल्लीत गणपती आले. ताशाचा आवाज एवढा, की तेवढा वेळ आम्ही दोघंही सारखेच बहिरे.

गुरुवार, २८ ऑगस्ट

रजा संपत आली. रविवारची गाडी आहे. मावशीलाही बोरगावला जायचंय, तिच्या म्हशी शेजारी सांभाळतायत. मग घरात आप्पा एकटे, आणि ती पट्टी.

मावशीला पुन्हा म्हटलं, शेवटचं, तूच विचार का घेत नाहीत.

"मी इचारलं की. तीनदा. म्हणत्यात, तुला काय करायचंय."

"मग मला तरी काय सांगतील?"

"ते मला काय ठावं? तू इचारून बघितलंस कवा?"

शुक्रवार, २९ ऑगस्ट

वाक्य तयार केलं. "आप्पा, गोळी का घेत नाही?" पाच शब्द. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल. मी एवढ्या आवाजात कधी बोललेली नाही, कुणाशीच.

दोनदा जवळ गेले. दोनदा पाणी हवंय का विचारून परतले. तेही खुणेनं.

शनिवार, ३० ऑगस्ट

विचारलं. अंगणात, ओरडून. समोरची बाई धुणं पिळायची थांबली.

आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "रोज सांजंला तुझा फोन यायचा न्हवं, आप्पांनी गोळी घेतली का म्हणून? ती सांगायची. मग मी घ्याचो. ती गेली आणि तू इचारायचंच सोडलंस."

फोन फक्त रविवारी व्हायचा. गोळीचं मी एकदाही विचारलं नव्हतं.