साहेबांनी वाढवलेली दोन वर्षं

अंदमानाकडचे बेट, १० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस अपर्णाचा सप्रेम जयभीम वि. वि.

इथे फोन लागत नाही, म्हणून बोटीबरोबर पत्र पाठवते आहे. चौदा एप्रिलला घरी येणार होते, पण साहेबांनी काम दोन वर्षं वाढवलं. आम्ही इथल्या पालींची बोटं मोजतो. वादळात कच्च्या पकडीच्या पाली झाडावरून उडून जातात, मोठ्या बोटांच्या टिकतात आणि पिल्लं त्यांच्यावर जातात. अशाने काही पिढ्यांत बेटावरची पालच बदलते का, ते बघायचं आहे. आईची समजूत काढा.

लोभ आहेच, तो पत्रातून कळत राहू द्या.

आपली,
अपर्णा

तेलीबांधा, रायपूर, २ मार्च

चि. अपर्णास जयभीम व अनेक आशीर्वाद.

पालीची बोटं मोजायला कोणी पगार देतं, हे मला पटत नाही. आई म्हणते, पोट्टी काहीतरी लपवून राहिली, तिकडे लग्न तर नाही केलं? मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात मापं घेतली. व्हर्निअर काढून स्वयंपाकघरातली पाल धरली, तर शेपूट माझ्या हातात आणि पाल फ्रिजमागे. आई दोन दिवस बोलली नाही. वादळ आलं म्हणून पाल बोटं वाढवते कशी, ते सांग. आणि साहेबांचं नाव का लिहिलं नाहीस?

खुशाली खरी असेल तेवढीच कळव.

तुझा,
बाबा

बेटावरून, २० मार्च

ती. बाबांस सप्रेम जयभीम वि. वि.

पाल काहीच वाढवत नाही, बाबा. लहान-मोठी बोटं जन्मापासूनचीच. कोण उरणार, एवढंच वादळ ठरवतं. लग्न केलेलं नाही, आईची शपथ. साहेबांचं नाव पराग सोमकुवर. फार कडक आहेत, सोडतच नाहीत.

आईला सांभाळा आणि माझ्यावर माया असू द्या.

आपली,
अपर्णा

तेलीबांधा, २२ एप्रिल

चि. अपर्णास जयभीम व आशीर्वाद.

पालीचं पटलं. साहेबांचं पटलं नाही, म्हणून त्यांचा पत्ता शोधून मी पत्र टाकलं, की मुलीला पंधरा दिवस सोडा. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. मुदत तूच अर्ज करून वाढवून घेतलीस. ते तर तुला सुट्टी घे म्हणत होते.

चौदा तारखेला पाऱ्यातली, आपल्या मोहल्ल्यातली सगळी माणसं घरी आली, सगळ्यांनी तुझीच चौकशी केली. मला फार वाईट वाटलं. तिथं राहायचं होतं तर तसं सांगायचं, मी नाही म्हटलं नसतं.

साहेबांनी काय लिहिलं, असं आईने विचारलं. फार कडक माणूस आहे, सोडत नाही, असं मी तिला सांगितलं. अडतीस वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो. तेव्हापासून ती माझ्याकडेच संशयाने बघून राहिली आहे.

मन लावून काम कर. आईला खरं मात्र तू लिही. माझ्याच्यानं झालं नाही.

तुझा,
बाबा