पानवेलीचा विटाळ

२७ जुलै, रवि.
तिसरा दिवस. वाडीबाहेर. फाटकापाशी उभं राहून आपलीच पानवेल लांबून बघायची. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा पालघरची नोकरी सोडून वाडी मी हातात घेतली. वेल बांधते मी, पानं खुडते मी, व्यापाऱ्याशी भांडते मी. पण महिन्याचे चार दिवस बाहेर. बाबांचं ठरलेलं, "पानवेलीला विटाळ चालत नाय गो." बरं.

दादा आला बोईसरहून. त्याच्या घरी सत्यनारायण, विड्याची पानं हवीत. येताना मित्राच्या पानवाडीत डोकावून आला म्हणे. तिथे निम्मी वेल मर रोग लागून गेलीय. पायात कंपनीचे बूट, बुटांना तिथला चिखल, आणि हा सरळ आत! ओरडले, "दादा, बूट काढ!" पानवाडीत अनवाणीच जायचं, हा आजोबांच्याही आधीपासूनचा नियम. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. घाईत हाय तो."
माझ्या घाईला कधी सूट मिळाली नाही.

८ ऑगस्ट
तिसऱ्या ओळीत चार-पाच वेली पिवळ्या. बुंध्याशी माती उकरून बोट नाकाशी धरलं. आंबूस. मर लागली. बाबा असंच ओळखतात. दादाला हाका मारमारून शिकवायचे, तो पळून जायचा. मला कुणी शिकवलं नाही, केळीआडून बघून शिकले.
दादाने पानं याच ओळीतली खुडली होती.

९ ऑगस्ट
जेवताना बाबा, मान खाली घालून: "त्या दिवसांत आत गेलीवतीस काय?"
ताट सरकवून उठले. आई म्हणे, "विचारलं म्हणून काय झालं?" काय झालं! बूट कुणाला दिसले नाहीत, माझे दिवस मात्र सगळ्यांना पाठ. चोर सोडून संन्याशाला फाशी.
आणि माझी अक्कल बघा. खोलीत येऊन कॅलेंडर काढलं. पाचव्या दिवशी गेले की चौथ्या? स्वतःची इतकी लाज वाटली. हाडात मुरलंय हे.

१४ ऑगस्ट
मोरचूद-चुना फवारला. आणखी वेली गेल्या.
अनवाणी का, ते आता नीट कळतंय. जुन्या माणसांना रोगाचं नाव ठाऊक नसेल, पण दुसऱ्याच्या वाडीतली माती पायातून येते हे ठाऊक होतं. शहाणी माणसं. मग त्यांच्याच तोंडी हा दुसरा नियम कुणी घातला? एक मोडला तर वेल मरते. दुसरा मोडला तर फक्त लोकांची तोंडं वाकडी होतात. आमच्या घरात पहिल्याला माफी आणि दुसऱ्याला

पुरे. डोकं दुखतंय.

२३ ऑगस्ट
दुसरा दिवस. पाऊस थांबेना. तिसऱ्या ओळीतलं रोगट पाणी चौथीत जायला लागलं. तिच्या पलीकडे आजोबांची जुनी वेल, लागवडीचं बेणं आम्ही तिचंच घेतो. ती गेली तर पुढे लावायला काही उरत नाही. मध्ये चर खणून पाणी तोडायला हवं होतं, आजच. गडी सफाळ्याला, स्वतःच्या भातातलं तण काढायला. बाबांना वाकता येत नाही. दादाला फोन केला. "शिफ्ट आहे, रविवारी बघतो."

फाटकाशी चप्पल काढली, फावडं घेतलं, आत गेले. रोगट वेली उपटून पोत्यात भरल्या, चर खणला. बाबा छत्री घेऊन फाटकाशी आले.
"अगो, आज तुझा..."
"दुसरा!" शेजारच्या वाडीतही ऐकू गेलं असेल. जाऊ दे.
ते आत आले नाहीत, घरीही गेले नाहीत. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाले, "चप्पल काढलीस ना?"
"मला विचारता? त्याला विचारलंत कधी?"
हात सोलवटलेत. पेन धरवत नाही.

२४ ऑगस्ट, रवि.
दादा आला. तेच बूट. मी फाटकात आडवी उभी राहिले. "काढ आधी."
त्याने बाबांकडे बघितलं. मीही बघितलं. बाबा वेलीकडे बघत होते.
"तू त्या दिवसांत आत चालतेस, आणि माझे बूट चालत नाहीत?"
"नाही चालत."
गाडी फिरवून गेला. आई रडतेय, आता गणपतीला तो येणार नाही म्हणून. नको येऊ दे.

चराच्या पलीकडे, चौथ्या ओळीतल्या पहिल्या वेलीने मान टाकलीय. माती उकरली, वास घेतला. कळेना. ओल्या मातीचाच वास की आंबूस? रागात नाकही धड चालत नाही. कुंपणावरून बोट बाबांपुढे धरलं.
त्यांनी वास घेतला नाही. "तूच सांग," म्हणाले.
आयुष्यात पहिल्यांदा. आता हा विश्वास म्हणू, की उद्या खापर फोडायला माझं डोकं नेमून ठेवलं?
अजून सांगितलेलं नाही.