सत्तावीस नंबरचा मुलगा

संघरत्ना,

आज आटगावला जाऊ नकोस. तुझ्या सर्वेक्षणातला सत्तावीस नंबरचा मुलगा तिथे सापडणार नाही. तो फॉर्म तुझ्या पप्पांनी भरलाय. तुला तोंड दाखवायचं धाडस नव्हतं, म्हणून ते पहिल्या एसटीने शहापूरला कामावर गेलेत.

ऑनलाइन खेळाच्या सवयीबद्दल मुलांना स्वतःविषयी काय वाटतं, ते मोजायला तू तीस फॉर्म दिलेस. पप्पांनी ते आपल्या कामाच्या ठिकाणी, कॉलेजच्या ग्रंथालयात वाटले. एक उरला. सहज प्रश्न वाचायला घेतले आणि एकेक प्रश्न त्यांनाच लागू पडत गेला. मग वय एकोणीस, गाव आटगाव टाकलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. काल जेवताना ते वेडंवाकडं अक्षर बघून तू म्हणालीस, "खेळून खेळून बिचाऱ्याचे हात कापायला लागलेत!" पप्पांनी गंभीरपणे मान डोलावली आणि आणखी भात घेतला.

मग तू वाचून दाखवलंस: 'घरच्यांपेक्षा खेळातली माणसं मला जास्त विचारतात.' उत्तर, पूर्ण सहमत.

तुझी आई म्हणाली, "त्या पोराशी घरात कोण बोलत नाय वाटतं गो."

ती रोज बोलते. मोबाइलमधल्या कॅरमवरून मान वर न करता पप्पा नुसतं "हं" म्हणतात.

तो फॉर्म बाद कर. तुझ्या सरांना फोन करून खरं काय ते सांगतील पप्पा.

आईला तू काही सांगू नकोस. तिला मी सांगतो.

पप्पा