डोळे ह्यांचे, अक्षर माझं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज ह्यांनी मला ओळखलं नाही.

फळांच्या दुकानासमोर. मी या बाजूला, हे त्या बाजूला, मध्ये जेमतेम दहा पावलं. मी हात केला. हे सरळ माझ्याकडे बघत होते — आणि तसेच पुढे गेले! घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, विचारात होतो. बावीस वर्षं गर्दीतून हवं ते डोकं बरोब्बर हुडकून काढणारा माणूस, आणि बायको समोर आली की विचारात!

असू दे. दमलेत. काल औषधवाल्याचं काम संपवून रिपोर्ट दिला. औषधवाला म्हणजे आमचं सध्याचं गिऱ्हाईक, औषधांचं दुकान आहे त्याचं. बायको तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते, आणि तिचं बाहेर काहीतरी चाललंय असा त्याचा संशय. ज्यांच्यावर पाळत ठेवतो त्यांची नावं आम्ही घरात घेत नाही, टोपणनाव ठेवतो. हिचं ठेवलं मासोळी. दोन आठवडे काही म्हणता काही नाही. मग गेल्या मंगळवारी, २८ तारखेला — तिचा तो हिरवा कोट, मंडईमागचं लॉज, हातात हात घातलेला एक उंच माणूस. झालं!

आमची पद्धत पहिल्या दिवसापासून एकच. डोळे ह्यांचे, अक्षर माझं. हे बघतात आणि फोनवर सांगतात, मी कच्च्या वहीत उतरवते, मग पक्का रिपोर्ट लिहिते. हे तो वाचतसुद्धा नाहीत, नुसती सही करतात. गिऱ्हाईकाला रिपोर्ट कसा स्वच्छ लागतो. 'बहुतेक', 'असावं', 'वाटतं' — सगळं मी झाडून काढते. त्या 'बहुतेक'साठी कोण आपल्या दारात येतं? हल्ली ह्यांच्या बोलण्यात बहुतेक फार यायला लागलंय. वय झालं की माणूस घाबरट होतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चहा कपाच्या बाहेर ओतला. अर्धा टेबलावर. म्हणाले, कप सरकला.

कप!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तीनच्या ठोक्याला हे बाहेर पडले. वाचनालयात जातो म्हणाले. हा सलग तिसरा गुरुवार. आणि वाचनालय गुरुवारी बंद असतं! बावीस वर्षं दुसऱ्यांच्या थापा पकडणाऱ्या माणसाने निदान थाप तरी धड मारावी की नाही?

मग डोक्यात नाही नाही ते येत राहिलं. या वयात? ह्यांना स्वतःचा मोजा सापडत नाही, बाई कुठून सापडणार? हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. कितीतरी बायका आमच्या ऑफिसात त्या खुर्चीवर बसून अगदी हेच वाक्य बोलल्यात. मी मान हलवून लिहून घेतलंय.

संध्याकाळी औषधवाल्याचा फोन. आभार मानत होता. म्हणे इतका पक्का रिपोर्ट असेल असं वाटलं नव्हतं. १७ तारखेला, सोमवारी, वकिलाकडे जाणार. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला त्याच दिवशी आपल्या आईकडे पोचवणार, परगावी. मासोळीला अजून काही बोललेला नाही, आधी बॅग भरायची आणि मग सांगायचं असं ठरवलंय. मी 'बरं' म्हटलं. आपण फक्त बघतो आणि लिहितो, पुढचं त्यांचं ते जाणोत, असं हे नेहमी म्हणतात.

झोपताना ह्यांच्या शर्टाचा वास घेतला. काही नाही. साबण.

सोमवार, १० नोव्हेंबर

पक्कं ठरवलं. या गुरुवारी मी ह्यांच्या मागावर जाणार. लाज वाटते. पण ठरवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गेले.

ह्यांनीच शिकवलेलं सगळं वापरलं. करड्या रंगाचे कपडे, हातात पिशवी, नजर माणसाच्या पाठीवर नाही तर त्याच्या पुढच्या दुकानावर. तीस पावलं अंतर. आणि मागून बघताना जे दिसलं ते घरात कधी दिसलं नव्हतं. हे जिना उतरताना पायऱ्या मोजतात, ओठ हलतात! फुटपाथवर भिंतीला बोटं घासत जातात. रस्ता ओलांडायला थांबले तर दुसरं कुणी निघाल्याशिवाय निघत नाहीत. मान जरा तिरकी, कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

तिसऱ्या गल्लीत वळून एका पांढऱ्या इमारतीत शिरले. दारावर पाटी — डोळ्यांचा दवाखाना.

समोरच्या बाकावर मी मट्कन बसले. आधी अगदी हलकं वाटलं, बाई नाही तर! खुदकन हसलेसुद्धा. मग हसू गेलं.

मंडईमागच्या लॉजसमोर हे रस्त्याच्या पलीकडे उभे होते. साठ पावलं तरी असतील. मग त्या दिवशी ह्यांनी बघितलं कुणाला?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी खात्री करायची ठरवली.

आमच्या ऑफिसच्या खाली किल्ल्या करून देणारी बाई आहे. माझ्याच अंगलटीची, पण तोंड अगदी वेगळं, गोल, चष्मेवाली. तिला माझा लाल स्वेटर घातला, माझी पिशवी दिली आणि म्हटलं, नुसती कोपऱ्यापर्यंत जाऊन ये, हे तिथे उभे असतील. ती म्हणाली, नवराबायकोचे खेळ तुमचे, मला कशाला त्यात? पण गेली. मी तिच्या दुकानातून बघत होते.

ह्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. म्हणाले, "किती उशीर, अगं." आणि तिच्या बरोबरीने चालायला लागले!

चार पावलं. मग ती बोलली तेव्हा कळलं. हे हसून काहीतरी सारवासारव करत होते, ते मला लांबूनही दिसलं. किल्लीवाली परत आली. स्वेटर काढून नीट घडी करून दिला.

म्हणजे हे आता कपडे ओळखतात. माणूस नाही.

हिरवा कोट. सोमवारी वकील. मध्ये फक्त शनिवार, रविवार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तलावावर गेले. गॅलरीत आयांच्या घोळक्यात बसले. पाण्यात मासोळी, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एका रडक्या पोराला पोटाखाली हात देऊन तरंगवत होती. तिची स्वतःची मुलगी काठावर बसून पाय हलवत होती. तिचा एक दात पडलाय.

साडेचारला दारातून हिरवा कोट आत आला. कोटात होती दुसरीच एक तरुण पोरगी. आणि मासोळी पाण्यातच होती!

चाल अगदी तीच, खांदा जरा पुढे टाकून. मी उठून तिच्यापाशी गेले, म्हटलं कोट फार छान आहे, कुठून घेतलात. बोलघेवडी निघाली. म्हणाली, "ताईचा आहे. दर मंगळवारी मी पळवते, आज शनिवारीसुद्धा. तिला तेव्हा तलावावरच असायचं असतं ना, सहापर्यंत. कोट नुसता खुंटीवर कशाला?" मंगळवारी कुठे जाता एवढं नटून, विचारलं, तर लाजली. आईला आवडत नाही असा कुणीतरी आहे. उंच आहे, एवढंच म्हणाली.

निघताना तिकिटाच्या खिडकीवर विचारलं. मंगळवारचा वर्ग साडेतीन ते सहा, एकही चुकवलेला नाही बाईंनी.

कधी नव्हे ते कुणाचं घर मोडायला निघालोय आम्ही, आणि ते सुद्धा एका कोटावरून.

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी.

म्हटलं, तुम्हाला दिसत नाही. हे म्हणाले, "गुरुवारी दवाखान्याबाहेर होतीस ना? तुझा डावा बूट वाजतो. कधीपासून सांगतोय, टाच बदलून घे."

मी रडले. आधी रागाने, मग नुसतीच. ह्यांनी सांगितलं ते असं — बरोबर मध्यावर डाग आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, मधलं जातं. जिकडे बघावं नेमकं तेच जातं. उन्हाळ्यापासून वाढलंय. आता परत येणार नाही, फार तर आहे तिथे थांबेल. मला का सांगितलं नाही, तर म्हणे, सांगितलं असतं तर तू काम बंद केलं असतंस. माझ्या तोंडाच्या जागी काय दिसतं, विचारलं. म्हणाले, पाटी पुसल्यावर राहतं तसं. पण केस दिसतात, कानातलं दिसतं.

मग मी मासोळीचं सांगितलं. कोट, धाकटी बहीण, मंगळवार, सगळं. आणि माझा तोल गेला. म्हटलं, "डोळे गेलेत तर गेलेत, पण चेहरा दिसला असं कशाला सांगितलंत मला? एका बाईच्या आयुष्याचा प्रश्न होता!"

हे किती तरी वेळ टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत राहिले. मला वाटलं, भांडतील. मला हवंच होतं भांडण.

शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. उद्या सकाळी मी सांगतो त्याला."

सोमवार, १७ नोव्हेंबर

साडेआठलाच औषधवाल्याच्या दारात. घरात शिरतानाच दिसली — मुलीची छोटी बॅग, बूट वर ठेवलेले. मुलगी आत दूध पीत होती. मासोळी नव्हती. त्याला धीर धरवला नव्हता, काल रात्रीच तिला सगळं बोलून मोकळा झाला होता, नको नको ते. ती तशीच निघून गेली होती, बहिणीकडे.

हे उभे राहूनच बोलले. माझे डोळे गेलेत, मी लपवलं, रिपोर्टमधली बाई तुमची बायको नाही. ती तेव्हा तलावावर होती, हजेरी बघा. "चूक माझी एकट्याची. हिने फक्त मी सांगितलं ते लिहिलं." मी मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं की हिने फक्त लिहिलं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "मग काल मी तिला जे बोललो, ते?" आतून मुलीने विचारलं, आजीकडे कधी जायचं. तो म्हणाला, आजीकडे नाही, आईला आणायला जायचं, बूट घाल. ती बाई परत येईल का, देव जाणे. मी तिच्या जागी असते तर आले नसते.

मुलगी मात्र राहिली. तेवढं तरी.

जिना उतरताना ह्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदाच, उघड्यावर. मी धरू दिला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ऑफिस बंद करायचं. हेच म्हणाले. किल्लीवालीने शिडी आणून पाटी उतरवून दिली.

मी दिवसभर धुसफुसत होते. भांडी आपटली. शेवटी बोललेच, बावीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत घातलंत. हे म्हणाले, हो. नुसतं हो! एवढ्या माणसांवर नजर ठेवली, पण उलट उत्तर द्यायचं म्हटलं तर ह्यांना येत नाही.

मग म्हणाले, त्या जुन्या कच्च्या वह्या रद्दीत देऊन टाक, उगाच धूळ.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वह्या दिल्या का, आज पुन्हा विचारलं. दोन दिवसांत दोनदा. घरातली रद्दी कधी जाते हे ज्या माणसाला आयुष्यात ठाऊक नाही, त्याने!

बावीस वर्षांची सवय. जे टाकायची घाई असते, ते आधी बघायचं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऑक्टोबरची कच्ची वही. २८ तारीख, दुपारी तीन चाळीस. माझं अक्षर, ह्यांचे शब्द — 'हिरवा कोट. चाल तिचीच वाटते. चेहरा दिसला नाही, हे नक्की लिही.'

शेवटच्या वाक्यावर रेघ आहे. सरळ, स्वच्छ, माझ्या पेनची. आणि वर बारीक अक्षरात — 'ओळख पटली.'

तीन वाजायला आलेत. हे बूट घालतायत, दवाखान्यात जायचंय, आज मीही बरोबर. हे पान ह्यांच्यासमोर धरून उपयोग नाही. मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.