वऱ्हाडाचा छोटा ग्लास

१० एप्रिल
रिपोर्ट आला. उपाशीपोटी शुगर २६८. डॉक्टर बरंच बोलले. डोळे, किडनी, पाय. सगळ्यांनाच असं घाबरवत असावेत.

घरी सिद्धेश्वरीने फडताळातून स्टीलचा एक बारका ग्लास काढून माझ्यापुढे ठेवला. अप्पा, सरबत सोडा म्हणत नाही, पण प्यायचं तर ह्याच्यातनं आणि दिवसात एकदाच, म्हणाली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. शुगर अशीच राहिली तर सासरी माझं मन लागायचं नाही की, म्हणाली. डोळे भरले पोरीचे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

आयडिया एक नंबर. फक्त पोरीची झेप लहान. एकट्या माझ्यावर का थांबायचं?

१२ एप्रिल
परदेशात कुठेतरी मोठ्या ग्लासांवर बंदी आणायचं चाललं होतं, असं वाचलंय. त्यांना जमलं नसेल. सोलापूरला जमेल.

आपल्याकडे वऱ्हाड उतरलं की प्रत्येकाच्या हातात थंडगार, काठोकाठ भरलेला मोठा ग्लास. ह्या रीतीनेच घात केलाय. ठरलं! सिद्धूच्या लग्नात छोटे कागदी कप, माणशी एक. सार्वजनिक आरोग्याची सुरुवात माझ्या मांडवातून.

छोट्याने समाधान होतं का, हे बघायला छोटा आणि मोठा दोन्ही पिऊन तुलना केली. घरात कोणी नव्हतं. निकाल स्पष्ट आला नाही. उद्या पुन्हा.

१८ एप्रिल
कॅटररकडे सरबतांचं टेस्टिंग. मँगो, कोकम, गुलाब, लिंबू. यजमानाने चाखायलाच हवं. मँगो फार गोड वाटला, खात्री करायला परत घेतला.

मेहुणा शरणबसव सोबत होता. कप बघून म्हणतो, दाजी, लई बारका हाय की ह्यो, पाव्हणं काय म्हणतील? मी त्याला अर्धा तास सार्वजनिक आरोग्य समजावलं. शेवटी व्हय दाजी म्हणाला. कपांची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. माझ्या शब्दाबाहेर जाणारा माणूस नव्हे.

२५ एप्रिल
व्याही संगप्पांना फोन करून धोरण कळवलं. तुमची मर्जी म्हणाले आणि फोन ठेवला. भारावले असणार.

शिवलीला म्हणते, ते रागावलेत; पोरीला सासरी आयुष्यभर बोलणी खावी लागतील, तुमचं आरोग्य तुमच्यापाशी ठेवा. बायकोला मोठा विचार पेलत नाही.

२ मे
सकाळी सिद्धूने मशीनवर शुगर बघितली. २९१. मशीन स्वस्तातलं आहे. शिवाय उकाडा.

छोट्याच ग्लासातनं पिताय ना, म्हणून विचारलं. हो म्हटलं. खरंच होतं. कितीदा, ते तिने विचारलं नाही. माझ्या कारखान्यात पाहुण्यांसाठी येणारा थंडा घरच्या हिशेबात धरत नाही.

मांडवात करायचं भाषण तयार आहे.

९ मे, दुपारी
विश्वासघात.

वऱ्हाड उतरलं आणि बघतो तर प्रत्येकाच्या हातात मोठा ग्लास. वर स्ट्रॉ! माझे कप खोक्यात तसेच. शरणबसवला कोपऱ्यात घेतलं, तर म्हणतो, अक्कानं सांगिटलं. अक्का म्हणजे शिवलीला, माझी लग्नाची बायको. आणि सिद्धूलाही माहीत होतं म्हणे. सगळं घर एकीकडे आणि मी एकटा. संगप्पांनी तिसरा मँगो रिचवून मला मिठी मारली. पाव्हणं, फोनवर लई घाबरिवलं की तुमी, म्हणाले. सगळे हसले. भाषण खिशातच राहिलं.

एवढं मनाला लागलं की निषेध म्हणून आचाऱ्यांच्या मागे जाऊन बसलो. दुःखाने घसा कोरडा पडतो. ऊन बेचाळीस डिग्री. तिथे मँगोचा जग होता. आजूबाजूला ग्लास नव्हता.

अक्षतेला बाप कुठाय म्हणून सिद्धू स्वतःच शोधत आली. शालू, बाशिंग, सगळ्यानिशी. मी जग खाली ठेवेपर्यंत तिने बघितलं होतं. मी काही सांगणार, तेवढ्यात तिने रुमालाने माझ्या मिशा पुसल्या. चला अप्पा, अक्षता पडायच्यात, एवढंच म्हणाली.

तिने निदान विचारायला तरी हवं होतं. माझी बाजू होती.

१० मे
काल पाठवणीच्या वेळी सिद्धू आईच्या गळ्यात पडून रडली, मामाला दम दिला की आईला सांभाळ. माझ्या पाया पडली. पण काळजी घ्या वगैरे काही म्हणाली नाही. गर्दीत राहून गेलं असेल.

घर फार मोठं वाटतंय. शिवलीलाशी बोलत नाही. शरणबसवशीही. ज्यांच्या तब्येतीसाठी जीव टाकला, त्यांनीच पाठीत वार केला. सोमवारपासून कडक पथ्य.

१३ मे
मंगळवार. लग्नात उरलेल्या मँगोचा ड्रम परत न्यायला सोमवारी कोणी आलं नाही. अन्न वाया घालवणं पाप.

१७ मे
सिद्धूचा सासरहून फोन आला. मी पळत जाऊन उचलला. महिनाभर रोज सकाळी पहिला प्रश्न असायचा, अप्पा, शुगर किती? आज म्हणाली, बरे आहात ना? मन लागतंय का, मी विचारलं. लागतंय की, म्हणाली. मग आईकडे फोन द्या म्हणाली.

शुगर विचारलीच नाही. मी १६० सांगणार होतो. मोजली नव्हती, पण साधारण तेवढीच असेल.